बंद पेटीत काय आहे? : शारंगधराच्या पेटीपासून जहाजाच्या केबिनमधल्या तिजोरीपर्यंत

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळं सुरू झाला. मलकापूरची एक श्रोती. पुण्यात आयटीत नोकरी, काम लॅपटॉपवर. ऑफिसातल्या चार मैत्रिणींबरोबर मुंबईहून क्रूझवर निघालीय. लॅपटॉप सोबत न्यावाच लागणार, आणि आईनं लग्नाआधी करून दिलेली सोन्याची साखळी गळ्यातून काढायची नाही अशी घरून ताकीद. तिचा प्रश्न एवढाच होता : "दादा, केबिनमध्ये छोटी तिजोरी असते म्हणे. तिच्यावर विश्वास ठेवायचा का?"

मी आधी हसलो. म्हटलं, बुलढाणा जिल्ह्यात राहून इतिहासाचा पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला जहाजातलं काय कळणार! मलकापूर स्टेशनवरून मुंबई जवळपास पाचशे किलोमीटर. आपल्या तेरा तालुक्यांत समुद्र नाही. आहे ते लोणारचं खारं पाणी, आणि त्यात कुणी जहाज घालत नाही. पण रात्री झोप येईना. कारण प्रश्न समुद्राचा नाहीच. प्रश्न असा आहे : आपली मोलाची वस्तू दुसऱ्याच्या छताखाली ठेवायची, तिथून बाहेर पडायचं, आणि परत आल्यावर ती तिथंच सापडेल असं धरून चालायचं. हे कशाच्या भरवशावर? हा प्रश्न माणूस दोन हजार वर्षं विचारतोय. आपल्या जिल्ह्यातही विचारलाय. तर चला.

उपनिधी नावाची गोष्ट

पहिला थांबा जुन्या धर्मशास्त्राचा. घाबरू नका, पूजापाठ नाही; कायदा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठेवींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचं नाव 'औपनिधिक'. याज्ञवल्क्य स्मृतीतही हा विषय येतो. आणि त्या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं मिताक्षरा ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, अकराव्या-बाराव्या शतकात. हीच मिताक्षरा पुढं इंग्रजांच्या कोर्टांत वारसाहक्कासाठी वापरली गेली, म्हणून तिचं नाव आपल्या आजोबांच्या जमिनीच्या कज्ज्यातही ऐकू येतं.

या ग्रंथांत ठेवीचे दोन प्रकार केलेत. एक निक्षेप : वस्तू दाखवून, मोजून, सांगून दिलेली. "हे बघा, पाच तोळे सोनं आहे, मी परत येईपर्यंत ठेवा." दुसरा उपनिधी : वस्तू एखाद्या पेटीत, थैलीत घालून, मोहोर लावून, आत काय आहे ते *न सांगता* दिलेली. घेणाऱ्यानं ती तशीच, मोहोर न तोडता परत करायची.

आता केबिनमधली तिजोरी डोळ्यांसमोर आणा. आत काय ठेवलंय हे जहाज कंपनीला माहीत नाही. तुम्ही सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही. बँकेच्या लॉकरचंही तसंच. म्हणजे शब्द जुना झाला तरी गोष्ट तीच : उपनिधी.

पुढचा नियम महत्त्वाचा. ही ठेव राजानं नेली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी नेली, तर ठेवणाऱ्याकडून भरपाई घेता येत नाही. पण तुम्ही मागितली, त्यानं दिली नाही, आणि *त्यानंतर* ती गेली, तर मात्र त्यानं भरून द्यायची, वर तेवढाच दंड. किती व्यवहारी आहे बघा. चोरीची जोखीम तुझी, टाळाटाळीची जोखीम त्याची.

रोमन लोकांनी नेमकं उलटं केलं. त्यांच्याकडं तीन धंद्यांना एकाच नियमात बांधलं होतं : जहाजवाले, खानावळ-धर्मशाळावाले आणि तबेलेवाले. प्रवाशानं यांच्या ताब्यात दिलेली वस्तू गेली की जबाबदारी यांची. कारणही सरळ दिलंय : या लोकांना असं बांधलं नाही तर ते चोरांशी हातमिळवणी करतील! वाटेवरचा माणूस परका असतो, त्याला ओळखपाळख नसते, तो दोन दिवसांनी निघून जाणार असतो. म्हणून त्याची बाजू कायद्यानं घ्यायची.

हे दोन टोकांचे विचार लक्षात ठेवा. 'जोखीम प्रवाशाची' आणि 'जोखीम ठेवून घेणाऱ्याची'. आजच्या क्रूझच्या तिकिटामागं बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ना, ती या दोन विचारांचीच ओढाताण आहे.

मेहकरची पेटी

आता आपल्या घाटावर येऊ. मेहकर, पैनगंगेच्या काठचं. १८८८ साली तिथं जमिनीखाली विष्णूची मूर्ती सापडली. अखंड काळ्या पाषाणाची, शारंगधर बालाजीची. ज्यांनी ती पाहिलीय त्यांना सांगायला नको, माणूस मान वर करून बघतच राहतो. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं : मूर्ती लाकडी पेटीत नीट बंद करून पुरलेली होती, सोबत दागिने आणि ताम्रपट होता. इंग्रज साहेबांनी मूर्ती नेऊ नये म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईनं तिची स्थापना केली. मूर्ती राहिली, दागिने आणि ताम्रपट मात्र गेले.

या कथेतला प्रत्येक तपशील कागदावर तपासून सांगता येईल असा नाही, ती गावाची आठवण आहे. पण मूर्ती सापडली हे खरं, आणि ती कुणीतरी कधीतरी जपून ठेवली होती हेही उघड आहे. कुणीतरी, कुठल्यातरी संकटाच्या दिवसांत, ठरवलं की ही वस्तू सांभाळायचा एकच मार्ग आहे : ती कुणाला दिसू नये.

लपवणं. सुरक्षिततेची सगळ्यात जुनी पद्धत. आपल्या वऱ्हाडात जुनं घर पाडलं की चुलीखाली, भिंतीत, ओसरीच्या कोपऱ्यात पैशांचा हंडा निघाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. निम्म्या गप्पा असतील. पण गप्पांनासुद्धा कारण असतं : लोक खरंच पुरून ठेवायचे.

या पद्धतीत एक मोठा दोष आहे. गुपित माहीत असणारा माणूस मेला की वस्तू 'सुरक्षित' राहते, पण कुणाचीच राहत नाही. मेहकरची मूर्ती किती पिढ्या जमिनीत होती कोण जाणे. वर पेरणी होत राहिली, खाली देव झोपून राहिला. ज्यानं पुरली त्याला परत उघडायला येता आलं नाही. म्हणजे आजच्या भाषेत, पासवर्ड फक्त एकाला माहीत होता आणि तो ऑफलाइन गेला. कायमचा.

लपवलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फरक एका माणसाच्या आठवणीचा असतो. हे वाक्य जपून ठेवा, शेवटी लागेल.

खामगावचा कापूस आणि पेठ-परपेठ

आता घाट उतरू. खामगाव. आज आपण त्याला रजतनगरी म्हणतो, चांदीसाठी. पण एकोणिसाव्या शतकात खामगावचं नाव गाजलं ते कापसानं. १८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं त्याच लाइनवरची. आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला, फक्त तेरा किलोमीटरचा, मुख्यतः कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

आता विचार करा. कापूस घ्यायला व्यापाऱ्याला पैसा लागतो. शेतकऱ्याला रोख हवी. मुंबईचा पैसा खामगावात आणायचा कसा? रुपये म्हणजे चांदीची नाणी. जड. वाजणारी. बैलगाडीतून हजारो रुपये न्यायचे म्हणजे पहारेकरी हवेत, आणि पहारेकऱ्यांवर लक्ष ठेवायला पुन्हा आणखी पहारेकरी.

उत्तर जुनंच होतं : हुंडी. मुंबईच्या पेढीत पैसे भरा, कागदावर दोन ओळी घ्या, खामगावात त्याच पेढीच्या आडत्याकडं तो कागद द्या, पैसे घ्या. वाटेत तुमच्याकडं असतो फक्त कागद. 'दर्शनी' हुंडी म्हणजे दाखवताक्षणी पैसे, 'मुदती' म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. 'शहाजोग' हुंडी म्हणजे पैसे ओळखीच्या, पत असलेल्या माणसालाच मिळणार, वाटेत चोरणाऱ्या कुणालाही नाही.

पण कागद हरवला तर? इथं मला आपल्या जुन्या सावकारांना सलाम करावासा वाटतो. पहिली हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघायची, तिला म्हणत 'पेठ'. पेठही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. आणि एकदा पैसे दिले की ती हुंडी रद्द होऊन तिचा 'खोखा' व्हायचा. मग बाकीच्या प्रती कुणाच्या हाती लागल्या तरी उपयोग नाही.

आज कॉम्प्युटरवाले लोक आपल्याला काय शिकवतात? महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. हे नवं ज्ञान नाही, मंडळी. पेढीवरच्या मुनीमाला ते ठाऊक होतं.

आणि अजून एक प्रकार होता, समुद्रासाठीचा : जोखमी हुंडी. माल जहाजात चढवला, त्यावर हुंडी काढली. माल बंदरात सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे. जहाज बुडालं, तर हुंडीही बुडाली. म्हणजे ज्यानं हुंडी विकत घेतली त्यानं समुद्राची जोखीम पण विकत घेतली, आणि त्या जोखमीचा मोबदला आधीच भावात धरला. विम्याचंच काम ते, आपल्या बाजारानं आपल्या पद्धतीनं केलेलं.

हुंडीची अक्कल एका ओळीत सांगायची तर : *जे सोबत नेलं नाही, ते चोरीला जात नाही.*

आधी सांगितलं होतंस का?

रेल्वे आली, माणसं ट्रंका घेऊन फिरू लागली, आणि नवा प्रश्न आला. ट्रंक गेली, मालक म्हणतो आत दोन हजारांचे दागिने होते. खरं कशावरून?

१८६५ च्या कॅरियर्स ॲक्टनं यावर मार्ग काढला. भाड्यानं माल नेणाऱ्यांसाठीचा हा कायदा. त्याच्या शेवटी एक यादी जोडली होती : सोनं, चांदी, मोती, जडजवाहीर, घड्याळं, नोटा, हुंड्या, दस्तऐवज, शाली अशा वस्तूंची. या वस्तू शंभर रुपयांहून जास्त मोलाच्या असतील आणि तुम्ही देताना ते सांगितलं नसेल, तर हरवल्यावर नेणारा जबाबदार नाही. सांगितलं, तर तो जास्त भाडं घेईल, पावती देईल आणि जबाबदारीही घेईल.

बघा, निक्षेप आणि उपनिधी परत आले! सांगून दिलं तर एक नियम, न सांगता दिलं तर दुसरा.

आजही तेच. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० म्हणतं : सामान बुक करून पावती घेतली नसेल तर रेल्वे जबाबदार नाही, आणि सामान तुमच्याच ताब्यात असेल तर रेल्वेच्या निष्काळजीपणामुळं किंवा गैरवर्तनामुळं ते गेलं, हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणून तर आपण सीटखालच्या कडीला साखळी लावतो. बँकेच्या लॉकरचं बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणं, कर्मचाऱ्यांची फसवणूक अशा कारणांनी लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आत पाच लाखांचं असेल तर? बँकेला कुठं माहीत होतं, तुम्ही कुठं सांगितलं होतं?

आणि जहाज? प्रवासी जहाजांसाठी १९७४ चा अथेन्स करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं पाचवं कलम सांगतं की रोख रक्कम, सोनं, दागिने, कलावस्तू अशा मौल्यवान वस्तूंना वाहक जबाबदार नाही. अपवाद एकच, त्या वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून वाहकाकडं *जमा केलेल्या* असतील तर. केबिनमधल्या तिजोरीत तुम्ही तुमच्या हातानं ठेवणं आणि जहाजाच्या काउंटरवर पावती घेऊन जमा करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मलकापूरच्या श्रोतीला याचं उत्तर हवं होतं, फक्त तिनं प्रश्न तिजोरीच्या मजबुतीचा विचारला होता.

सगळ्यात मजबूत तिजोरी

मजबुतीवरून आठवलं. जहाजातल्या मौल्यवान वस्तूची सगळ्यात भयंकर गोष्ट आपल्या मुंबईतलीच आहे.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी कराचीहून आलेलं. त्यात सोन्याच्या १२४ विटा होत्या, ३१ लाकडी खोक्यांत. आणि ही खोकी एका पोलादी टाकीत ठेवून टाकी वेल्डिंगनं बंद केलेली. किल्लीच नाही, म्हणजे किल्ली चोरायची भीती नाही. याहून पक्की तिजोरी कुठली?

पण त्याच जहाजात जवळपास १४०० टन स्फोटकं होती, आणि कापसाच्या गाठीही. कापूस! ज्याच्या जोरावर खामगाव उभं राहिलं तो कापूस. कापूस उत्पादकाच्या घरातलं पोरगंसुद्धा सांगेल की गंजीजवळ विडी ओढू नये, कारण कापूस आतल्या आत धुमसतो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान गेले; १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आणि सोनं? त्याच्या विटा आकाशातून पडल्या. एक तर डॉकपासून दूर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत आली. काही विटा गोदीतला गाळ काढताना कित्येक वर्षांनी सापडत राहिल्या.

टाकी पक्की होती. चूक टाकीत नव्हती. तिच्या शेजारी काय ठेवलंय याचा विचार झाला नाही, ही चूक होती. सोन्याची काळजी घेतली, माणसांची घेतली नाही.

ठेच्याचा डबा

आता हे माझ्या घराजवळचं. माझा शाळेतला मित्र, चिखली तालुक्यातला. हॉटेल मॅनेजमेंट करून एका परदेशी क्रूझवर केबिन स्टुअर्ड म्हणून लागला. दिवसातून दोनदा खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या. नाव-गाव सांगत नाही, त्यानंच नको म्हटलंय.

एका संध्याकाळी एका पाहुण्या बाईंचा लॅपटॉप दिसेना. तिजोरीत मावला नव्हता म्हणून त्यांनी तो 'कुठंतरी नीट' ठेवला होता. तक्रार झाली. पहिला संशय कुणावर? खोली आवरणाऱ्यावर. त्याला कामावरून बाजूला बसवलं. दाराच्या की-कार्डची नोंद काढली. प्रत्येक वेळी दार कुठल्या कार्डानं उघडलं ते त्यात दिसतं. मग त्याच्या खोलीची झडती. जहाजाच्या पोटात खालच्या मजल्यावर दोन जणांची एवढीशी खोली. बॅग उपसली, गादी उचलली. आईनं दिलेला ठेच्याचा डबा होता, तो उघडून चमच्यानं ढवळून बघितला. ठेच्यात लॅपटॉप मावत नाही हे त्यांनाही कळत असणार. पण झडती म्हणजे झडती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सापडला. बाईंच्याच मोठ्या बॅगेत, तळाच्या कप्प्यात, स्वेटरमध्ये गुंडाळलेला. त्यांनीच लपवला होता आणि विसरल्या होत्या. मेहकरची गोष्ट, फक्त एका रात्रीची.

मित्राला परत कामावर घेतलं. माफी कुणी मागितली नाही. तो मला म्हणाला, "झडतीचं काही नाही रे, नियम असतो. पण तो डबा मी पुन्हा खाल्ला नाही."

हे ऐकल्यापासून मला त्या जुन्या ग्रंथांतला आणखी एक नियम सारखा आठवतो. मनुस्मृतीत तो आहे. त्या ग्रंथातल्या पुष्कळ गोष्टी आपण सोडून दिल्या आणि सोडायलाच हव्या होत्या; पण ठेवीबद्दल एक वाक्य असं आहे की ज्यानं ठेव परत दिली नाही तो, आणि ज्यानं न ठेवताच मागितली तोही, दोघांना चोरासारखी शिक्षा. म्हणजे खोटा आळही चोरीच. त्या काळी मोहोर का लावायचे, साक्षीदार का बोलवायचे? फक्त ठेव वाचावी म्हणून नाही. ठेव सांभाळणाऱ्याचं नावही वाचावं म्हणून.

आपण कुलूप लावतो तेव्हा आपल्याला वाटतं ते चोरासाठी आहे. पट्टीच्या चोराला कुलूप किती वेळ अडवतं? कुलूप खरं तर प्रामाणिक माणसासाठी असतं. तुमच्या खोलीत जो रोज येतो, ज्याच्या घरी कुणीतरी त्याच्या पगाराची वाट बघतंय, त्याच्यावर संशय यायची वेळच येऊ नये म्हणून.

तर, ताई, उत्तर

आता इतका इतिहास ऐकवल्यावर सरळ उत्तर द्यायला हवं.

एक : साखळी घरी ठेव. आईला हा भाग ऐकव, ती ऐकेल. हुंडीची अक्कल. न्यायचीच असेल तर गळ्यातून काढू नकोस. काढायची वेळ आली तर जहाजाच्या काउंटरवर जमा करता येते का ते विचार आणि पावती घे.

दोन : केबिनची तिजोरी वाईट नाही. पासपोर्ट, थोडी रोकड, कानातलं यांसाठी ठीक आहे. कोड स्वतःच्या जन्मतारखेचा किंवा खोलीच्या नंबराचा ठेवू नकोस. आणि हे लक्षात असू दे की पाहुणे कोड विसरतात, म्हणून जहाजाकडं ती उघडायची सोय असतेच. तिजोरी मदत आहे, हमी नाही.

तीन : लॅपटॉप बहुतेक त्या तिजोरीत मावणार नाही. कुलूप लागणाऱ्या बॅगेत, कपाटात, *रोज एकाच जागी* ठेव. नवी हुशार जागा शोधू नकोस. आणि ती जागा सोबतच्या मैत्रिणीला सांगून ठेव. लपवलेलं आणि हरवलेलं यांत एका आठवणीचा फरक.

चार : पेठ-परपेठ. निघण्याआधी कामाच्या फाइलचा बॅकअप घे, एक क्लाउडवर, एक घरच्या हार्ड डिस्कवर. लॅपटॉपवर एन्क्रिप्शन चालू कर, म्हणजे यंत्र गेलं तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही. यंत्राची किंमत विम्यातून निघेल, आतलं निघणार नाही. पासपोर्ट आणि तिकिटाचा फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेव.

पाच : चढताना मोठी बॅग हमालाकडं जाते आणि उतरायच्या आदल्या रात्री बऱ्याच जहाजांवर बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. लॅपटॉप, औषधं, दागिने त्या बॅगेत कधीच नको. हातातल्या पिशवीत.

आणि सहा : काही सापडलं नाही तर तक्रार करण्याआधी दहा मिनिटं स्वतःची बॅग तळापर्यंत उपस. मग जरूर तक्रार कर, तो तुझा हक्क आहे. लेखी कर, वेळ लिही, दाराच्या नोंदी बघायची मागणी कर. पण आधी ती दहा मिनिटं दे.

शेवटी, शेगाव

आपल्याकडं समुद्र नाही म्हटलं. पण उपनिधीची परीक्षा रोज होते अशी एक जागा आपल्या जिल्ह्यात आहे. शेगावला संत गजानन महाराजांच्या मंदिरात जाताना चपला काढून देता. समोर सेवेकरी, पांढरे कपडे, घाई नाही, आरडाओरडा नाही. चपला घेतात, हातात टोकन देतात. एवढंसं टोकन. त्यावर नंबर. ना चपलेची किंमत विचारली, ना तुमचं नाव.

दर्शन घेऊन, पिठलं-भाकरी खाऊन तासा-दोन तासांनी परत येता, टोकन पुढं करता, आणि त्याच चपला त्याच जोडीनं समोर येतात. त्या टोकनमागं कायदा कुठला, कलम कुठलं, आपण कधी विचारलं नाही. पण ठेवणाऱ्याला मोकळं वाटावं आणि सांभाळणाऱ्यावर आळ येऊ नये, ही दोन्ही कामं ते करतं.

मोठ्या जहाजावर, लांबच्या समुद्रात, आपल्यासारखीच पोरं खोल्या आवरत असतात. त्यांना टोकन कुणी देत नाही. आपण आपली वस्तू नीट ठेवली, नीट आठवली, तर तेच त्यांच्यासाठी टोकन.

मलकापूरच्या ताई, प्रवास छान होऊ दे. परत आलीस की मेसेज कर, समुद्र कसा होता ते सांग. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी हुंडी, जुनी कुलुपं, पेढीच्या वह्या असतील, तर फोटो काढून पाठवा. मूळ कागद पाठवू नका बरं का. फोटोच.

पेठ घरी असू द्या.

भेटू पुढच्या भागात.